अर्ध्या इंजिनाचं तेल

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. पत्र्याचा, चौकोनी, वरचं तोंड कापलेला, दोन कानांत जाड तारेची कडी अडकवलेला. डब्यानं आपली कहाणी सांगावी असा रिवाज नाही, हे मला ठाऊक आहे. कहाणी विमानाची सांगतात. आमचं विमान सध्या दक्षिणेतल्या एका संग्रहालयात उभं आहे. शाळेची मुलं त्याच्याभोवती फेऱ्या मारतात आणि बाई त्यांना पंखाला हात लावू देत नाहीत. त्याच्या इंजिनात आज तेलाचा थेंब नाही, पण रंग मात्र नवाकोरा आहे. मोठेपण मिळालं की असंच होतं.

मी मूळचा पेट्रोलचा. रिकामा झाल्यावर नॉर्बर्ट बुशी नावाच्या मेकॅनिकनं एका दुपारी मला आणि माझ्या जुळ्या भावाला उभं धरून कापलं, कडा हातोडीनं आत वळवल्या, कड्या बसवल्या आणि म्हणाला, “झालं. आता तुम्ही कंपनीचे नोकर.” कंपनी म्हणजे त्या वेळी तो स्वतः, त्याचा भागीदार सिग्गी थॉर्लाक्सन आणि युद्धातून उरलेलं, कापडी अंगाचं, एका इंजिनाचं विमान. सिग्गी आइसलँडहून आलेल्या कोळ्यांच्या घरातला. तो विमान उडवायचा आणि नॉर्बर्ट ते उडेल असं बघायचा. वेळापत्रकही होतं, फक्त ते हवामानाला कुणी दाखवलं नव्हतं. उत्तरेच्या सरोवरांकाठच्या, क्री या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांना टपाल, पीठ, चहा आणि कधीमधी दातांचा डॉक्टर पोचवायचा, येताना मासे आणि आजारी माणसं आणायची, हा धंदा. उन्हाळ्यात विमान पाण्यावर उतरायचं, हिवाळ्यात पायांत लाकडी पट्ट्या बांधून बर्फावर.

आता माझं काम. आमच्याकडच्या हिवाळ्यात इंजिनातलं तेल रात्रभर बाहेर राहिलं तर सकाळी गुळाच्या ढेपेसारखं होतं. म्हणून विमान उतरलं की इंजिन गरम असतानाच सिग्गी सगळं तेल खाली काढून घ्यायचा. ते तेल कुणाच्या तरी घरात शेगडीमागं रात्र काढायचं. सकाळी इंजिनावर कॅनव्हासचा तंबू चढवायचा, आत पंपाचा मोठा स्टोव्ह पेटवायचा, घरातलं तेल उकळतं आणून ओतायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. म्हणजे विमान बाहेर कुडकुडायचं आणि तेल घरात झोपायचं. पाहुणा खरा कोण, हे वस्त्यांना बरोबर कळलं होतं. “कालचं तेल आमच्याकडं होतं” असं सांगताना बायकांची मान ताठ व्हायची.

देवाचं नाव म्हणालो, तिथंच क्रेन नॅरोज या वस्तीचा घोळ होता. सरोवर तिथं कमरेत आवळलेलं आहे. पूर्वेच्या काठावर कॅथलिक ख्रिस्ती, पश्चिमेच्या काठावर अँग्लिकन ख्रिस्ती. भाषा एक, पणजोबा एक, जाळ्यात येणारे मासेही एकाच पंथाचे. पण घंटा दोन. सिग्गीनं पहिल्या खेपेला तेल पूर्वेला ठेवलं तर पश्चिमेनं टपाल घ्यायला माणूस पाठवला नाही. दुसऱ्या खेपेला पश्चिमेला ठेवलं तर पूर्वेनं त्याला मासेच विकले नाहीत. तिसऱ्या खेपेला त्या शहाण्या माणसानं तोडगा काढला: विमान बरोब्बर मधोमध बर्फावर उभं करायचं, निम्मं तेल या काठाला, निम्मं त्या काठाला. मी पूर्वेचा झालो, भाऊ पश्चिमेचा. सगळे खूश झाले. आता दोन्ही काठांनी मनावर घेतल्याशिवाय इंजिन सुरू होणार नव्हतं, ही गोष्ट त्या आनंदात कुणाच्या लक्षात आली नाही. शांतता करारांत असं एक कलम नेहमी राहून जातं.

पूर्वेला माझा मुक्काम फिलोमेन मोरिनच्या घरी असायचा. बाई ठेंगणी, बोटं लांब, जीभ त्याहून लांब. नवरा इन्यास, देवळाची घंटा वाजवणारा, घरात मात्र अगदी गप्प. त्यांची एकुलती मुलगी देल्फिन. ती पश्चिमेच्या अलायजा फ्लेटच्या प्रेमात पडली आणि पश्चिमेच्या देवळात लग्न करून मोकळी झाली. फिलोमेननं चारचौघांत सांगितलं, “त्या काठावर मी पाऊल ठेवणार नाही. मुलगी होती, ती बर्फ ओलांडून गेली.” आणि आमच्याकडे चारचौघांत म्हटलेलं मागं घेता येत नाही. चौघं जिवंत असेपर्यंत तरी नाही. तेव्हापासून मला विमानापर्यंत न्यायचं काम इन्यास करायचा.

तर त्या सकाळी. आदल्या दिवशी विमान उतरलं होतं. सिग्गी पश्चिमेला केझाया फ्लेटकडे झोपला होता. केझाया म्हणजे अलायजाची आई, साऱ्या सरोवराची सुईण. सकाळी वायव्येचा वारा सुटला. इन्यासनं दारातून आभाळ पाहिलं आणि म्हणाला, “आज काय उडत नाही सिग्गी.” बरोबरच होतं ते. म्हणून त्यानं मला उचललं नाही, शेगडीत नवं लाकूड घातलं नाही, आणि माझं तेल हळूहळू कोमट होत गेलं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. सिग्गी. भुवयांवर बर्फ, छाती भात्यासारखी.

“वहिनी, तेल द्या.”

“कोण वहिनी?” फिलोमेन म्हणाली. “काल पश्चिमेचा मासा गोड लागला ना? मग त्यांच्याच तेलावर उड की. अर्धाच उड.”

“देल्फिन अडलीय.”

इन्यासच्या हातातलं जाळं हातातच राहिलं.

“कालपासून कळा देतेय,” सिग्गी म्हणाला. “मूल आडवं आहे. केझाया म्हणते, आता माझ्या हातात नाही, दवाखान्यात न्या. तिला विमानात नेऊन ठेवलंय, केझाया आहे जवळ. अलायजा स्टोव्ह पंप करतोय. त्यांच्या बाजूचं तेल तयार आहे. चला, द्या इकडं.”

फिलोमेनचा चेहरा हलला नाही. ती माझ्याजवळ आली, तेलात बोट बुडवलं आणि तसंच धरून ठेवलं.

“कोमट आहे.”

“असू दे.”

“असू दे कसं? असलं तेल ओतलंस आणि इंजिन आचके देऊन थांबलं, की मग? पुन्हा तंबू, पुन्हा स्टोव्ह, पुन्हा सगळं? बस तिथं.”

तिनं मला उचलून शेगडीच्या माथ्यावर ठेवलं. बर्च झाडाचं सुकं लाकूड सालीसकट आत कोंबलं. आग गुरगुरली.

मित्रांनो, डब्याच्या जन्मात घाईला जागा नसते. माझ्या हातात असतं तर त्या दिवशी मी स्वतः पेटलो असतो. पण तेल आपल्या वेळेनं तापतं. सिग्गी खिडकीला नाक लावून उभा राहिला.

“पलीकडचा काठ दिसेना झाला.”

फिलोमेननं लाकूड सरकवलं.

“वहिनी, विमान दिसत नाही आता.”

“तापतंय.”

“तुमची लाकडाची रास दिसत नाहीये! दहा पावलांवरची!”

“मग खिडकीपासून हो बाजूला. बघून काय गरम होतंय?”

नंतर सिग्गी सांगायचा की त्या बाईचा गळा दाबावा असं त्याला वाटलं होतं. मी मात्र तिच्या बोटांकडे पाहत होतो. ती पुन्हा पुन्हा माझ्यात बुडत होती, दर वेळी थोडी लवकर बाहेर येत होती. शेवटी बोटं बुडाली आणि चटका बसून चटकन बाहेर आली. “आता,” ती म्हणाली.

तिनं खाटेखालची पेटी ओढली आणि तीतून सशाच्या कातड्याच्या पट्ट्यांचं विणलेलं पांघरूण काढलं. आमच्याकडे त्याच्याइतकं उबदार दुसरं काही नाही. ते तिनं माझ्याभोवती गुंडाळलं. मला ते जेमतेम पुरलं. मोठ्या माणसाच्या तर गुडघ्यापर्यंतही आलं नसतं. इन्यासनं पाहिलं, सिग्गीनं पाहिलं. ज्या नातवंडाच्या काठावर पाऊल ठेवणार नाही असं तिनं चारचौघांत सांगितलं होतं, त्याच्या मापाचं होतं ते. तेलाचा एक ओघळ त्या पांढऱ्या लोकरीवर उतरला आणि तिथंच राहिला.

“इन्यास, घंटेवर जा,” ती म्हणाली. “थांबू नकोस.”

“आणि तू?”

“याला एकट्याला सोडला तर हा तेल सांडेल.”

घसरगाडीवर मला दोरीनं बांधलं. सिग्गी पुढं ओढत होता, ती मागून मला दोन्ही हातांनी धरून चालत होती. रस्त्यावर खुणेसाठी रोवलेल्या स्प्रूस झाडाच्या फांद्या वाऱ्यानं केव्हाच झोपवल्या होत्या. वर मान केली तर फिकट निळं आभाळ, आणि मान खाली केली की चहूकडे नुसतं बर्फाचं उडतं पीठ. स्वतःचे पाय दिसत नव्हते. मागं इन्यासची घंटा सुरू झाली. त्यामुळे आपण कुठून निघालो ते कळत होतं. कुठं जायचंय ते कळत नव्हतं.

सिग्गी थांबला. “डावीकडं सरकलोय आपण. बहुतेक.”

“त्यांची घंटा का नाही वाजत?” फिलोमेन ओरडली. “वारा त्यांच्याकडूनच आहे. वाजवली तर ऐकू येईल!”

“सुचलं नसेल.”

“त्यांना काय सुचणार! प्रार्थनासुद्धा पुस्तकात बघून करतात.”

माझी वरची कड गार पडायला लागली होती. सशाच्या लोकरीतून थंडी नखं घालत होती. विमान चुकवून पुढं गेलो तर सरोवर उत्तरेकडे दिवसभर चालावं एवढं लांब आहे. फिलोमेन माझ्यावर ओणवी झाली, जणू अंगानंच मला झाकत होती. तेव्हा मला कळलं की ती थरथरतेय. थंडीनं नव्हे, कारण थंडीनं थरथरणारी ती बाईच नव्हती.

आणि मग समोरून घंटा आली. किनरी, फुटक्या कडेची, पश्चिमेच्या देवळाची. आयुष्यभर फिलोमेन त्या घंटेला ‘तव्यावरचा चमचा’ म्हणायची.

“उशिरा का होईना,” ती म्हणाली, आणि नाक पुसलं. (ती घंटा वाजवायची कल्पना आपलीच, असं सांगणारे पुढं पश्चिमेला डझनभर तरी निघाले.)

आता एक घंटा पाठीशी, एक तोंडासमोर. चालता चालता मागची बारीक होत गेली, पुढची मोठी. एका जागी दोन्ही सारख्याच वाटल्या. सिग्गीनं गाडी थांबवली. “इथंच असणार! मध्य आला. हात लांब करा, पंख लागेल.”

“अजून पुढं.”

“वहिनी, दोन्ही सारख्या ऐकू येताहेत!”

“वारा त्यांच्या बाजूनं आहे रे! त्यांची उगाच मोठी वाटते. पहिल्यापासून त्यांचं असंच आहे. चल पुढं.”

धर्मभेदातून कधी कुणाचं भलं झालेलं मी त्या एकाच वेळी पाहिलं. आणखी बरंच चालल्यावर पंपाच्या स्टोव्हची फरफर ऐकू आली आणि पिठातून तंबूची पिवळट कड उगवली.

अलायजानं सासूला पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. आमच्या लोकांत जावई सासूच्या डोळ्यांत बघत नाही, तिच्याशी बोलतही नाही. हा आदर आहे, भांडण नव्हे. पण या दोघांत आदर आणि भांडण एकाच ठिकाणी गोठलं होतं, त्यामुळे कुठलं कुठं संपतं ते सांगता येत नव्हतं. सिग्गीनं आधी भावाचं तेल ओतलं, मग माझं. शेवटच्या थेंबाबरोबर माझ्यातली सगळी ऊब गेली. पंखा फिरवला, इंजिन खोकलं, थांबलं.

पंखा पुन्हा फिरवला.

पुन्हा खोकलं, आणि या वेळी तसंच खोकत राहिलं.

विमानाच्या दारातून देल्फिनचा चेहरा दिसला. ओठ चावून चावून काळे पडलेले. ती आईकडे बघत म्हणाली, “उशीर केलास.”

“तेल तापायला वेळ लागतो,” फिलोमेन म्हणाली. आणि ते पांघरूण, तेलाच्या डागासकट, मुलीच्या अंगावर टाकलं.

जागा आणखी एकाच माणसाला होती. केझाया खाली उतरायला लागली. “तू जा. तू आई आहेस.”

“विहीणबाई,” फिलोमेन म्हणाली, आणि हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला, “गुमान आत बसा. तिला तुमचे हात हवेत. मला नुसता डबा धरता येतो.”

विमान पिठात शिरलं. आवाज लांब गेला, मग वर गेला. बर्फावर एक सासू, एक जावई आणि दोन रिकामे डबे उरले. दोन्ही काठांच्या घंटा अजून वाजत होत्या. बातमी येणार होती दुकानातल्या रेडिओवर, आणि दुकान पश्चिमेला होतं. फिलोमेननं मला उचललं आणि पश्चिमेला चालायला लागली. अलायजा मागून, अंतर राखून.

दुकानात दोघं शेगडीच्या दोन बाजूंना बसले. मधे मी आणि माझा भाऊ. इतक्या वर्षांत एका शेगडीपाशी आम्ही पहिल्यांदाच आलो होतो. दुकानदार कानाला यंत्र लावून बसलेला, आणि यंत्रातून नुसती खरखर. चहा झाला. अलायजानं कप ओतला, पण तो देणार कसा? तो बराच वेळ कप धरून उभा राहिला. मग माझ्याकडे वळून खाकरला.

“डब्या,” तो मला म्हणाला, “सकाळपासून पोटात काही नाही. चहा घे.” आणि कप माझ्याजवळ ठेवला.

फिलोमेननं कप उचलला. प्याली. मग तीही माझ्याकडे वळली. “डब्या, साखर कमी आहे म्हणावं.”

त्यानं साखर आणली. खरखर चालूच होती. थोड्या वेळानं तो म्हणाला, “डब्या, मी तिला पळवून नेलं नव्हतं. तीच चालत आली.”

“डब्या,” फिलोमेन म्हणाली, “ती माझी मुलगी आहे. तिला कोण पळवून नेणार? मला ठाऊक नाही का?”

एवढ्या वर्षांत लोकांनी माझ्यात काय काय ओतलं, पण त्या दुपारइतकं जड कधीच काही ओतलं नाही. बाहेर उजेड पातळ झाला. दुकानदारानं दिवा लावला. खरखर अचानक थांबली आणि तो ओरडला, “गप्प!” कुणी बोलतच नव्हतं. मग तो ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना, दुकानदाराचाच चेहरा तो. शेवटी तो म्हणाला, “मुलगी. पोट फाडून काढली. आईचं रक्त पुष्कळ गेलंय, पण डॉक्टर म्हणतात जगेल. दोघी जगतील.”

अलायजानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग मला म्हणाला, “डब्या, मुलगी झाली.”

“डब्या,” फिलोमेन म्हणाली, “त्याला सांग, आता काहीतरी खाऊन घे. रडायचं ते पोटभर जेवून रड.”

मित्रांनो, त्यानंतर सिग्गीला वाटलं, झालं, आता सगळं तेल एकाच घरी ठेवू. दोन्ही काठांनी त्याला वेड्यात काढलं. नियम म्हणजे नियम. फक्त पूर्वेचा डबा आता देल्फिनच्या घरी राहील, असं फिलोमेननं जाहीर केलं. कारण विचारायची हिंमत कुणी केली नाही. तिनं पश्चिमेला पाऊल न ठेवण्याची शपथ घेतली होती, ती मोडली असं कुणी म्हणू नये म्हणून ती एवढंच सांगायची, “नातीला बघायला नाही आले. तेल बघायला आले.” विमान आलं की ती बर्फ ओलांडून यायची, माझ्यात बोट बुडवायची, “कोमट आहे” म्हणायची आणि नातीला मांडीवर घेऊन तेल तापेपर्यंत बसायची. त्या घरात तेलाला तापायला फार वेळ लागायचा.

कंपनी वाढली. दुसरं विमान आलं, मग तिसरं. नॉर्बर्टचे डोळे गेले आणि त्याच्या जागी गणवेशातली माणसं आली. वस्त्यांतून धावपट्ट्या झाल्या. क्रेन नॅरोजची धावपट्टी कुठल्या काठाला यावरून तीन वर्षं भांडण झालं. मग नवी इंजिनं आली. त्यांचं तेल रात्री काढायची गरज नव्हती. सिग्गी तोवर कचेरीत बसणारा मॅनेजर झाला होता. त्यानं निरोप पाठवला: डबे टाकून द्या, सुटलो एकदाचे. स्वागत झालं, टाळ्या पडल्या. प्रगतीवर टाळ्याच वाजवायच्या असतात. माझा भाऊ त्याच आठवड्यात कुत्र्यांचं खाणं शिजवण्यासाठी गेला. मला फिलोमेननं देल्फिनकडून उचलून आपल्या घरी नेलं.

त्या हिवाळ्यात नवं विमान पहिल्यांदा आलं तेव्हा मी फिलोमेनच्या ओसरीत उपडा पडलो होतो. ती आता वाकली होती. विमान घरघरत उतरलं, आणि त्याला कुणाचंच तेल नको होतं. ती दारात उभी राहून बघत राहिली. मग तिनं मला सुलटं केलं, अंगावरचं बर्फ झटकलं आणि निघाली. अख्खं सरोवर ओलांडून तिनं मला रिकामाच वाहून नेलं. देल्फिनच्या दाराशी पोचल्यावर मात्र तिचे पाय अडले. काय सांगणार होती? हातात डबा होता आणि डब्यात काही नव्हतं.

दार अलायजानं उघडलं. त्याचेही केस पांढरे झाले होते. त्यानं खाली बघितलं, माझ्या रिकाम्या पोटात बघितलं. मग मला तिच्या हातातून घेतलं, शेगडीजवळ नेऊन ठेवलं आणि माझ्याशीच बोलला.

“डब्या, फार गार झालायस. तापायला वेळ लागेल तुला. बस निवांत.”

फिलोमेननं डोक्यावरची शाल काढली.

मी आजही त्याच घरात आहे. माझ्यात शेगडी पेटवायची सालपटं ठेवतात. मित्रांनो, तुमच्या घरातही असा एखादा गंजका डबा असेल, ज्याचं काम केव्हाच संपलंय आणि जो उगाच जागा अडवतो. तो फेकायला उचललात तर आधी एवढंच विचारा, की तो कुणाचं निमित्त तर नाही ना. वस्तू जुनी झाली की दुसरी मिळते. निमित्त गेलं, की माणसं यायची थांबतात.